शेलूबाजारातून नैराश्याचे उपचार: पैसा कुठे जातो, कुठे वाचतो

नैराश्याच्या उपचारात सगळ्यांत स्वस्त असते ती गोळी. एस्सिटॅलोप्रॅम हे नेहमी लिहिले जाणारे औषध जनऔषधी केंद्रात १० गोळ्यांना २० रुपयांच्या आतबाहेर मिळते. नावाजलेल्या कंपनीची तीच पट्टी शंभरीला टेकते. रोज एक गोळी धरली तर महिना ६० रुपयांतही निघतो आणि ३०० रुपयांतही. डॉक्टरांना एवढेच म्हणा, ‘औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव लिहून द्या.’

मग हजारो रुपये जातात कुठे? आजार ओळखू येण्याआधीच. ‘कशातच मन लागत नाही’ असे माणूस सहसा सांगत नाही. अंग दुखते, पहाटे तीनला जाग येते, गॅस वर चढतो, छातीत धडधडते, असे सांगतो. मग सलाईन, टॉनिक, कधी डोक्याचा एमआरआय, मध्येच कुणीतरी बाहेरचे बघणारा. आजाऱ्याची तक्रार खोटी नसते. झोप, भूक आणि वेदना सांभाळणारे मेंदूतले काम नैराश्यात खरोखर बिघडते. पण ते एमआरआयमध्ये दिसत नाही, रक्तातही नाही. रक्त तपासायचे ते वेगळ्या कारणासाठी: थायरॉइड मंदावले, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी झाले तरी माणूस असाच खचलेला दिसतो. खासगी लॅबमध्ये या तिन्ही तपासण्यांना साधारण हजार-दीड हजार लागतात. तेवढा खर्च मी सार्थ मानतो. बाकीच्या तपासण्यांना ‘कशासाठी?’ हे जरूर विचारावे.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कामावर परिणाम होऊ लागला, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा किंवा आशाताईंना सांगा. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये राज्याने १४ जिल्ह्यांत मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला वाशिम जिल्हाही आहे. मानसोपचारतज्ज्ञासाठी वाशिमचे जिल्हा रुग्णालय किंवा अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, तिथे केस पेपरचे थोडे शुल्क पडते. खासगी तज्ज्ञाची फी साधारण ४०० ते ८०० रुपये धरा.

पण खेड्यातल्या घराला डॉक्टरच्या फीपेक्षा बुडालेली मजुरी जड जाते, तीही सोबत येणाऱ्यासकट दोघांची. म्हणून तब्येत स्थिरावली की दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम लिहून मागा. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट. सोंगणीच्या दिवसांत खेप चुकण्यापेक्षा आधीच तारीख पुढे-मागे करून घेतलेली बरी.

खेप चुकली की गोळी सुटते, आणि पुढे सगळ्यांत महाग पडते ते हेच. मेंदूतले सेरोटोनिन औषधाने काही तासांतच वाढू लागते, पण पेशी त्याला जुळवून घेतात ते सावकाश. म्हणून फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ आणि बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. अनेक जण नेमके तिथेच औषध सोडतात. बरे वाटल्यानंतरही गोळी सहा ते नऊ महिने चालू ठेवायची असते. सगळे मिळून वर्ष धरले तर जेनेरिकचा हिशेब सात-आठशे रुपयांचा. मध्येच सोडून आजार उलटला तर सगळे पहिल्यापासून.

डॉक्टरांनी विचारले नाही तरी एक गोष्ट सांगा: पूर्वी कधी झोपेविना उत्साह, अफाट बडबड, वारेमाप खर्च असे दिवस आले होते का. तसे असेल तर तो द्विध्रुवी आजार असू शकतो, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने माणूस उलट दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. त्यावरचे लिथियम स्वस्त आहे. खर्च आहे तो रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड ठरावीक काळाने तपासण्याचा. तो टाळू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात घाम जाऊन अंगातले पाणी आटले, की लिथियमची पातळी धोक्यापर्यंत चढू शकते. शेतातून आल्यावर अंगदुखीसाठी घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही ती चढवतात. हात थरथरले, जुलाब लागले, तोल गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

समुपदेशन परवडणार नाही असे समजून कुणी ते सोडू नये. गोव्याच्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली आलेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, या बैठका न मिळालेल्यांत ३९ टक्के.

दवाखान्यात भरती व्हावे लागले आणि आरोग्य विमा असेल, तर दावा जरूर करा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच विमा संरक्षण देणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कंपन्यांवर बंधनकारक केले आहे.

जगण्याचाच कंटाळा आल्याचे कुणी बोलू लागले तर त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे, मराठीत बोलता येते. धोका समोर दिसत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, तिचेही पैसे पडत नाहीत.