मातीचा रंग नको, खोली सांगा

‘सोलापूर जिल्ह्यात काळी, कसदार माती आढळते.’ शाळेच्या भूगोलापासून प्रकल्प अहवालांपर्यंत हे वाक्य आहे तसं फिरत असतं. त्यातून ना विद्यार्थ्याला काही कळतं, ना शेतकऱ्याला. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात वरून एकही पाणी न देता मालदांडी ज्वारी पिकते, आणि थोड्याच अंतरावरच्या माळावर तीच ज्वारी पोटरीत येण्याआधी माना टाकते. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडलेला असतो. म्हणून मातीचं वर्णन लिहायला बसलात, तर शेवटी एका प्रश्नाचं उत्तर हाती आलं पाहिजे: ही जमीन किती मिलिमीटर पाणी धरते, आणि ते पिकाला किती दिवस पुरतं?

सुरुवात नकाशापासून करा, पण नकाशावर थांबू नका. १९७६ मध्ये स्थापन झालेली मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपूरला आहे. तिने महाराष्ट्राचा मृदा नकाशा १:२,५०,००० या प्रमाणावर केला. या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर अडीच किलोमीटर, आणि एक चौरस सेंटीमीटर म्हणजे ६२५ हेक्टर. एवढ्या क्षेत्रात एकच माती कुठून असणार? म्हणून अशा नकाशाच्या एका रंगात बहुधा दोन मातींची जोडी नोंदलेली असते, एक मुख्य आणि एक सोबतची. घाईत वाचणारा पहिलीच उचलतो. दोन्ही वाचा, आणि तुमचं रान त्यातलं कुठलं हे उतारावरून ठरवा. दख्खनच्या पठारावर क्रम सहसा ठरलेला आहे: माथ्यावर मुरमाड बरड, उतारावर मध्यम, ओढ्याकाठी खोल काळी. तुमच्या गावासाठी १:१०,००० प्रमाणाचा नकाशा झाला असेल तर उत्तम; त्यात एक सेंटीमीटर म्हणजे १०० मीटर.

आता इंटरनेटवर ‘सॉइलग्रिड्स’सारखे जगाचे नकाशेही फुकट मिळतात. २५० मीटरच्या चौकोनातली चिकणमाती, सामू, कर्ब, सगळे आकडे तयार. मात्र तिथे तुमच्या शेतात कुणी खड्डा खणलेला नसतो; आकडा गणिताने काढलेला अंदाज असतो. पडताळ्याला वापरा, पुरावा म्हणून नको.

पुरावा खड्ड्यात आहे. दीड मीटर खोल खड्डा, एक भिंत उभी सरळ आणि तिच्यावर ऊन पडेल अशी. काळ्या रानात हे काम पावसाळ्यात करू नये, फावडं चिकटून बसतं. मे महिन्यातही नको, कुदळ उसळते. फेब्रुवारी-मार्च बरा, तेव्हा भेगाही उघडलेल्या असतात. खणायची तयारी नसेल तर नवं शेततळं, विहिरीचं खोदकाम किंवा रस्त्याचा कापलेला काठ शोधा. वरचा उन्हापावसाने बदललेला थर वीतभर खरवडून टाका आणि मग बघा.

खोल काळ्या रानाची भिंत वरून खाली अशी दिसते. पहिले १५-२० सेंटीमीटर नांगराच्या फाळाखालून गेलेले, बारीक ढेपांचे, मुळांनी भरलेले. त्याखाली ढेकळं मोठी आणि कोनदार होतात. अर्ध्या मीटरच्या खाली चाकूच्या टोकाने एक ढेकूळ अलगद सुटं करा: त्याची बाजू तिरकी आणि घासून पॉलिश केल्यासारखी चकचकीत असते, तिच्यावर बारीक ओरखडे असतात. पावसात फुगलेली माती शेजारच्या मातीला ढकलते, दोन थर एकमेकांवर घासतात, त्याचा हा ठसा. सर्वेक्षक याला स्लिकनसाइड म्हणतात. जमिनीला व्हर्टिसॉल म्हणायचं तर हे तिरके चकाकते पृष्ठभाग, उन्हाळ्यात उघडून पावसात मिटणाऱ्या भेगा आणि किमान ३० टक्के चिकणमाती, या तिन्ही गोष्टी लागतात. आणखी खाली चुनखडीचे पांढरे खडे दिसू लागतात. विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो (हातमोजे घाला). मग मुरूम, मग काळा पाषाण. टेप लावून मुरमापर्यंतची खोली मोजा. संपूर्ण वर्णनात हा आकडा सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त कामाचा.

रंगही लिहा, पण मनाने नको. मन्सेलच्या रंगपुस्तिकेशी जुळवून, कोरडा आणि ओला असा दोनदा. काळा रंग म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर, ही समजूत मात्र सोडून द्या. आपल्या कोरडवाहू काळ्या जमिनींत तो पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा कमीच निघतो.

पोत हाताने कळतो. ओली माती अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत फीत काढा. पाच सेंटीमीटरपेक्षा लांब, न तुटणारी फीत निघाली तर माती चिकण. नेमकी टक्केवारी प्रयोगशाळेतून घ्या. तिथून आणखी एक आकडा मागा: कॅटायन विनिमय क्षमता. तिला चिकणमातीच्या टक्केवारीने भागा. समजा काळ्या मातीत चिकण ५५ टक्के आणि क्षमता ५०, तर भागाकार ०.९ येतो. रत्नागिरीच्या जांभ्या मातीत चिकण ४० आणि क्षमता १० असेल, तर ०.२५. पहिल्या मातीत फुगणारं स्मेक्टाइट आहे, दुसरीत न फुगणारं केओलिनाइट आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. नुसती चिकणमातीची टक्केवारी शेजारीशेजारी मांडून कोकण आणि देशाची तुलना करणारे इथेच फसतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलूनही रत्नागिरीच्या सड्यावर उन्हाळ्यात पाण्याची वानवा का, याचं निम्मं उत्तर या भागाकारात आहे. उरलेलं निम्मं कातळावरच्या मातीच्या पातळ थरात.

इथपर्यंत जमवलेले आकडे आता पाण्यात बदलायचे. प्रयोगशाळेकडून वाफसा क्षमता (जादा पाणी निचरून गेल्यावर मातीत उरणारी ओल) आणि मरणबिंदू (पीक कायमचं सुकतं तेव्हाची ओल), दोन्ही वजनाच्या टक्केवारीत घ्या, शिवाय मातीची घनता. सूत्र सोपं आहे: दोन टक्केवारींमधला फरक भागिले १००, गुणिले घनता, गुणिले मिलिमीटरमध्ये खोली. हिशेबापुरते आकडे घेऊ. खोल काळी: वाफसा क्षमता ३८, मरणबिंदू २२, घनता १.३, खोली १००० मिलिमीटर. उत्तर २०८ मिलिमीटर. माळावरची मुरमाड: २० आणि १०, घनता १.५, खोली ३००, उत्तर ४५. पण तिच्यात ४० टक्के जागा दगडगोट्यांनी अडवलेली आहे, म्हणून ०.६ ने गुणा: २७ मिलिमीटर. दगडांची ही वजावट बहुतेक अहवालांत राहून जाते, आणि हलकी जमीन कागदावर आहे त्यापेक्षा बरी दिसते.

हवामानाची आकडेवारी घेताना वार्षिक सरासरीवर भागवू नका. सोलापूरचा वार्षिक पाऊस सातशे मिलिमीटरच्या थोडा वर आहे, हे वाक्य खरं आणि जवळजवळ निरुपयोगी आहे. इथे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. म्हणूनच खोल काळी रानं खरिपात मोकळी ठेवून, कुळवाच्या पाळ्या घालत ओल साठवून रब्बीत पेरायची रीत पडली. ती रीत तुमच्या तक्त्यात दिसायला हवी, आणि त्यासाठी पाऊस आठवड्यांनी मांडावा लागतो. हवामानशास्त्रीय वर्षाचे ५२ आठवडे असतात. सप्टेंबर म्हणजे साधारण ३६ ते ३९. पुण्याहून हवामान खात्याची दैनंदिन आकडेवारी मिळते, आणि मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या ‘महारेन’वर असतो.

तीस वर्षांचे आकडे हाती आले की प्रत्येक आठवड्याचा खात्रीचा पाऊस काढा. तीस वर्षांतले त्या आठवड्याचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा. ०.७५ गुणिले ३१ म्हणजे साधारण २३. तेव्हा २३वा आकडा हा चारपैकी तीन वर्षं भरवसा ठेवावा असा पाऊस. सरासरीपेक्षा तो बराच कमी निघेल. निघू द्या, पेरणी त्याच्यावरच होते.

पुढे प्रत्येक आठवड्याचा पाऊस त्या आठवड्याच्या संभाव्य बाष्पोत्सर्जनाशी ताडून बघा. पाऊस त्याच्या निम्म्याहून जास्त झाला की हंगाम सुरू. पाऊस निम्म्याखाली गेल्यावर जमिनीतली ओल संपेपर्यंत हंगाम चालू. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मूळ पद्धतीत ही साठलेली ओल सरसकट १०० मिलिमीटर धरली होती. त्यामुळे काळं रान आणि माळ, दोघांना एकच हंगाम मिळतो. तिथे १०० काढा आणि स्वतःचा आकडा घाला. पाऊस थांबल्यावर पीक दिवसाला ३ मिलिमीटर पितं असं धरलं, तर खोल काळीला २०८ मिलिमीटरवर ६९ दिवस मिळतात, मुरमाडीला ९. मालदांडी सुमारे चार महिन्यांची. तिची मुळं मीटरच्याही खाली उतरतात आणि ऑक्टोबरात एखादा पाऊस हात देतो, म्हणून काळ्या रानात ती तरून जाते. नऊ दिवसांच्या जमिनीत रब्बी पेरूच नये.

एक इशारा. हा सगळा हिशेब पाणी मातीत मुरतं असं धरून केला आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तीच काळी माती, तेवढीच चिकण, तेवढीच खोली, आणि तरी पाणी वर साचून राहतं. कारण सोडियम. पुस्तकात जमीन चोपण ठरायला विनिमयक्षम सोडियम १५ टक्के लागतो. या पट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात, तो ५ टक्क्यांच्या पुढे गेला तरी निचरा बिघडतो, असं नागपूरच्या मृदा संशोधकांनी दाखवलं आहे. त्या भागातल्या मातीची तुलना करताना हा आकडा आणि खालच्या थराचा निचरावेग घेतल्याशिवाय तक्ता पुरा म्हणू नये.

शेवटी घरच्या कागदाबद्दल. २०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेवर बारा नोंदी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. खताचा हिशेब त्यावर होतो, पाण्याचा होत नाही, कारण नमुना वरच्या वीतभर मातीचा असतो आणि खोलीला रकानाच नाही. तेव्हा पुढच्या वेळी शेतात खोदकाम निघालं की मुरमापर्यंत टेप लावा, आणि तो आकडा गट क्रमांकासह पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने लिहून ठेवा.