लाल हापसा, हिरवा हापसा

'विकसनशील देशांपुढील आव्हाने' असा विषय निघाला की आपण गरिबी, लोकसंख्या, निरक्षरता, भ्रष्टाचार अशी यादी धडाधड म्हणून दाखवतो. शाळेतल्या निबंधाला तेवढं पुरतं. पण आपण इंजिनिअरिंगला आहोत. म्हणून इथे यादी न करता एकच उदाहरण नीट बघू या. ते आहे बांगलादेशातल्या हापशाचं.

१९७१ साली बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा खेड्यातली बहुतेक माणसं तळ्याचं नाहीतर नदीचं पाणी प्यायची. त्यातून कॉलरा, हगवण व्हायची आणि लहान मुलं दगावायची. उपाय सरळ होता, जमिनीखालचं पाणी वापरायचं. तिथली जमीन नदीच्या गाळाची आणि पाणी अगदी वर. आपल्याकडे काळ्या दगडात बोअर मारायला मोठी मशीन लागते. तिथे बांबूची परात बांधून दोन-तीन माणसं लोखंडी नळी वरखाली करत जमिनीत उतरवतात. एक जण नळीच्या तोंडावर तळहात दाबतो आणि उचलतो. हाताचाच व्हॉल्व्ह! १९७० च्या दशकापासून सरकार आणि युनिसेफने हे हापसे गावोगाव बसवले. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने लाखो बसवले. पाणी स्वच्छ दिसत होतं, जंतू नव्हते. सगळे खूश.

मग गडबड कुठे झाली?

हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या संयुगांचा थर असतो, आणि त्याला आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाळात कुजलेला पालापाचोळाही असतो. जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे जिवाणूंमुळे हा थर विरघळतो आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच रुग्ण सापडले होते. बांगलादेशात चापाई नवाबगंज जिल्ह्यात ते १९९३ मध्ये लक्षात आलं. तोपर्यंत पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक हा रकानाच नव्हता.

आता थोडं गणित करू. बांगलादेशची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. हॉस्टेलच्या गच्चीवर दहा हजार लिटरची टाकी आहे असं धरा. त्यात अर्धा ग्रॅम आर्सेनिक पडलं की ही मर्यादा गाठली. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच टाकीत फक्त ०.१ ग्रॅम. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी तळहात-तळपायांवर चट्टे आणि गाठी येतात, पुढे कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कॅन्सर होऊ शकतो. आणि हो, पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, आर्सेनिक तिथेच राहतं.

२००० नंतरच्या तीन-चार वर्षांत सुमारे ५० लाख हापसे तपासले गेले. मर्यादेत असलेल्याला हिरवा रंग दिला, मर्यादेबाहेरच्याला लाल. सुमारे १४ लाख लाल निघाले. गंमत म्हणजे एका अंगणातला लाल आणि हाकेच्या अंतरावरचा हिरवा, असंही सर्रास दिसलं.

इथपर्यंत प्रश्न रसायनशास्त्राचा होता. इथून पुढे तो समाजाचा होतो. आपला हापसा लाल निघाला की बाईने रोज दुसऱ्याच्या अंगणात कळशी घेऊन जायचं. त्या घरच्यांशी पटत नसेल तर? अंगावर चट्टे असलेल्या मुलीचं लग्न जमेना, कारण लोकांना तो संसर्गाचा रोग वाटायचा. रंग उडाला, नवे हापसे तपासल्याशिवाय बसले. साधारण १५० मीटरच्या खालचं पाणी बहुतेक ठिकाणी चांगलं आहे, म्हणून सरकारी खर्चाने खोल नळ दिले गेले. पण ते गरजेपेक्षा वशिल्याने बसतात, असं ह्यूमन राइट्स वॉचच्या २०१६ च्या अहवालात म्हटलं आहे. अबुल हुस्साम या मूळच्या बांगलादेशी शास्त्रज्ञाने लोखंड, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे वापरून 'सोनो' फिल्टर बनवला. त्याला २००७ मध्ये अमेरिकेत १० लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. उत्तम काम! पण असा फिल्टर घरोघरी पोचवणं आणि वर्षानुवर्षं सांभाळणं हे बनवण्यापेक्षा अवघड आहे.

एक खटलाही झाला. ब्रिटनच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९९२ च्या अहवालासाठी तिथल्या पाण्यातले अनेक घटक तपासले होते, आर्सेनिक मात्र नाही. रुग्ण कोर्टात गेले. २००६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने दावा फेटाळला. हे पाणी पिण्यास योग्य आहे असं संस्थेने म्हटलेलं नव्हतं आणि पाणीपुरवठ्यावर तिचा ताबाही नव्हता, असं त्यामागचं कारण. कायद्याने विषय संपला. आपण इंजिनिअर म्हणून तिथे असतो तर आपल्यापुरता संपला असता का? रात्री मेसमध्ये यावर जरूर वाद घाला.

म्हणजे हापसे बसवणंच चुकलं का? तसं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. १९९० साली तिथे जन्मलेल्या हजार मुलांमागे सुमारे १४५ मुलं पाच वर्षांच्या आत दगावत होती. आज हा आकडा चाळीसच्या खाली आहे. लसीकरण, घरोघरी जाऊन आयांना शिकवलेलं मीठ-गूळ-पाणी, मुलींचं शिक्षण, या सगळ्यांबरोबर सुधारलेल्या पाण्याचाही त्यात वाटा आहे. चूक एवढीच, की एक प्रश्न सुटला म्हणून पाणी 'सुरक्षित' ठरवून टाकलं आणि पुढे तपासणं राहिलं.

आपल्याकडेही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. दात पिवळे-तपकिरी पडतात, हाडं वाकतात. एन.एस.एस.च्या शिबिरात आपण रस्ता करतो, झाडं लावतो. यंदा जाताना चार स्वच्छ बाटल्याही नेऊ या. गावातल्या प्रत्येक बोअरचं पाणी आणून तपासून घेऊ आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहून येऊ. आणि पुढच्या वर्षीच्या बॅचला सांगून ठेवू, की पुन्हा तपासा.