आधी तपास, मग दुरुस्ती

(डिझेलची गाडी सुरू झाली नाही, की लोक लगेच पंपाला दोष देतात. हा दोष खरा की खोटा, हे क्रमाने कसे शोधावे, ते या पाठात सांगितले आहे.)

सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग हे गाव आहे. ते दक्षिण सोलापूर तालुक्यात येते. मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा या भागात कानांवर पडतात. मोठा बाजार असो की मोठा दवाखाना, येथील लोकांना सोलापूर गाठावे लागते. अशा गावात गाडी ही चैन नसते, गरज असते.

समजा, पहाटे एका आजारी माणसाला सोलापूरला न्यायचे आहे आणि दारातील जुनी डिझेल गाडी सुरूच होत नाही. इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. अशा वेळी आजारी माणसाला दुसऱ्या वाहनाने पाठवावे, हे पहिले काम. मग गाडीकडे वळावे. तेवढ्यात चार माणसे जमतात आणि म्हणतात, "पंप गेला!" पंपाची दुरुस्ती महाग असते. ती गावात होत नाही. पंप उतरवून शहरात न्यावा लागतो. दोष पंपात नसेल, तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात. गाडी मात्र तशीच उभी राहते.

म्हणून आधी हे इंजिन कसे चालते, ते समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. त्यात हवा इतकी जोराने दाबली जाते, की तिचे तापमान 500 अंश सेल्सियसच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि आपोआप पेटतो. ही कल्पना जर्मन इंजिनिअर रुडॉल्फ डिझेल यांची. त्यांचे इंजिन 1897 साली यशस्वी ठरले. पुढे 1927 साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात डिझेलचा फवारा उडवणारे पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. त्यामुळे डिझेल इंजिन लहान वाहनांत बसवणे सोपे झाले.

डिझेलचा प्रवास असा असतो : टाकी, नळी, फिल्टर, पंप, पोलादी बारीक नळ्या आणि शेवटी नोझल. पंप या वाटेच्या मध्ये आहे. टाकीकडून त्याच्यापर्यंत डिझेलच आले नाही, तर तो पुढे काय देणार? आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

आता एका गॅरेजमधील उस्ताद आणि त्यांचा शागीर्द काय बोलतात, ते ऐका.

"उस्ताद, पंप खोलू का?"

"थांब बेटा! पंपाला हात लावायचा तो सगळ्यांत शेवटी. आधी सांग, सेल्फ मारल्यावर इंजिन कसे फिरते?"

"जोरात फिरते, उस्ताद."

"म्हणजे बॅटरी ठीक आहे. इंजिन हळू फिरले असते, तर हवा पुरेशी तापली नसती. मग पंप चांगला असूनही गाडी सुरू झाली नसती. आता मी सेल्फ मारतो. तू सायलेन्सरकडे बघ. धूर येतो का?"

"अजिबात नाही."

"पांढरा धूर आला असता, तर डिझेल आत जाते पण पेटत नाही, असे समजलो असतो. मग हीटर प्लग तपासले असते. धूरच नाही, म्हणजे डिझेल आत पोहोचत नाही. ते कोठे अडले, हे आता शोधायचे."

उस्तादांनी टाकी पाहिली. टाकीत डिझेल होते. टाकीच्या झाकणाचे हवेचे बारीक छिद्रही मोकळे होते. ते बुजले, तर टाकीतून डिझेल नीट ओढले जात नाही. मग त्यांनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला आणि थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेतले. डिझेलमध्ये पाणी असेल, तर ते जड असल्यामुळे तळाशी बसते. बाटलीत पाणी दिसले नाही.

"आता फिल्टरच्या वरचा स्क्रू दोन आटे सैल कर आणि हातपंप दाबत राहा," उस्ताद म्हणाले.

शागीर्दाने हातपंप दाबला. स्क्रूजवळून फेस आणि बुडबुडे बाहेर आले.

"उस्ताद, हवा!"

"बरोबर. गाडीने एअर धरली आहे. डिझेल दाबले जात नाही, म्हणून पंप त्याला जोराने पुढे ढकलू शकतो. हवा मात्र दबते. पंप ढकलतो, हवा दबते आणि नोझल उघडतच नाही. फेस थांबून सलग डिझेल येईपर्यंत दाबत राहा. मग स्क्रू घट्ट कर."

"म्हणजे काम झाले?"

"नाही. हवा आली कोठून, ते शोधल्याशिवाय काम होत नाही. आज हवा काढली आणि भेग तशीच ठेवली, तर उद्या गाडी पुन्हा रुसेल."

टाकीपासून येणारी रबरी नळी क्लिपजवळ तडकली होती. त्या भेगेतून डिझेल गळत नव्हते, पण ओढीमुळे हवा आत शिरत होती. नळीचा तुकडा बदलला. पुन्हा हवा काढली. गाडी सुरू झाली.

हवा काढूनही गाडी सुरू झाली नाही, तर काय करावे? अनेक जुन्या गाड्यांच्या पंपावर विजेवर चालणारी एक झडप असते. चावी फिरवली, की ती "टक्" असा आवाज करून डिझेलची वाट उघडते. आवाज आला नाही, तर तिची तार सुटली आहे का, ते पाहावे. एक तार निसटली, तरी चांगला पंप बिघडल्यासारखा वाटतो. पंप फिरवणारा पट्टा किंवा साखळी शाबूत आहे का, तेही पाहावे. पंपापर्यंत डिझेल येते, झडप उघडते, पंप फिरतो आणि तरीही नोझलकडे डिझेल जात नाही, असे दिसले, तरच पंपावर शंका घ्यावी. असा पंप घरी किंवा रस्त्यावर खोलू नये. त्याचे भाग अतिशय नाजूक असतात. तो पंपाच्या खास वर्कशॉपमध्ये यंत्रावर तपासावा लागतो.

येथे एक इशारा लक्षात ठेवा. नोझलमधून उडणारा फवारा कातडी भेदून शरीरात घुसतो. जखम लहान दिसली, तरी ताबडतोब दवाखान्यात जावे. आधुनिक कॉमन रेल गाड्यांत तर हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. त्यांच्या पोलादी नळ्या कधीही सैल करू नयेत. त्यांचा दोष जाणकार माणूस संगणकाच्या मदतीने शोधतो.

हकीम नाडी पाहतो, प्रश्न विचारतो आणि मगच औषध देतो. चांगला कारागीरही तसाच असतो. जे सोपे, जवळचे आणि स्वस्त, ते तो आधी तपासतो. अवघड आणि महाग ते शेवटी. अंदाजाने पाना उचलणारे पुष्कळ असतात. पुरावा मिळाल्यावर पाना उचलतो, त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात.

शब्दार्थ
आड – विहीर
पोहरा – विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे
सेल्फ मारणे – चावीने इंजिन फिरवणे
एअर धरणे – इंधनाच्या नळीत हवा शिरणे
झडप – वाट उघडणारा व बंद करणारा भाग
शाबूत – न तुटलेले, चांगल्या स्थितीतील

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डिझेल इंजिनात इंधन कशामुळे पेटते?
(आ) गाडीच्या नळीत हवा कोठून शिरली?
2. कारणे लिहा.
(अ) उस्तादांनी पंप लगेच खोलू दिला नाही.
(आ) हवा काढल्यावरही काम पूर्ण झाले नव्हते.
3. टाकीपासून नोझलपर्यंत डिझेलचा प्रवास क्रमाने लिहा.
4. 'उस्ताद', 'हवा', 'कारागीर' हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरतात. पाठातून असे आणखी शब्द शोधा.
5. तुमच्या घरातील सायकल किंवा दिवा बिघडला, तर तुम्ही कोणत्या क्रमाने तपास कराल? पाच वाक्ये लिहा.