भाकरीवर केलेली उपकारस्तुती

या पाठाच्या अभ्यासासाठी अनुवाद 26:1–13 व योहान 6:1–13 हे दोन शास्त्रभाग घरातील सर्वांनी एकत्र बसून मोठ्याने वाचावे, आणि मग पुढील विवेचनाकडे वळावे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत हंगामाचा सण चालू होता. वेदीपुढे बाजरीची कणसे, भोपळे, शेंगा, अंडी, कोंबड्या अशा अर्पणांची रास पडली होती. भजन आटोपल्यावर वहिवाटीप्रमाणे त्या वस्तूंचा लिलाव झाला, पैसे मंडळीच्या खात्यात जमा झाले, आणि सर्वजण आनंदाने घरोघर निघाले. दाराशी एक शेतकरी बंधू थांबला होता. त्याची जमीन कोरडवाहू. बाजरी फुलोऱ्यात असता पावसाने पाठ फिरविली होती आणि ज्यांना विहिरीचे पाणी होते त्यांचीच पिके तेवढी हाती आली होती. तो म्हणाला, “पाळकसाहेब, तुम्ही आज सांगितलं, देवाचे उपकार माना. माझ्या रानात वैरणसुद्धा राहिली नाही. मी कशाचे उपकार मानू?”

आम्ही त्यास थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे अठरावे वचन पाठ म्हणून दाखविले. त्याने ते ऐकून घेतले, मान लवविली, आणि तो निघून गेला. पुढे चार रविवार तो उपासनेस आला नाही.

प्रिय वाचकांनो, वचन खरे होते. परंतु आमचे उत्तर खोटे होते. ते कसे, हे समजून घेणे हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

1. पौलाने काय सांगितले व काय सांगितले नाही

पौल त्या वचनात विश्वासणाऱ्यांस प्रत्येक स्थितीत उपकारस्तुती करण्यास सांगतो. प्रत्येक स्थिती चांगली आहे असे म्हणा, असे तो कोठेही सांगत नाही. करपलेल्या पिकाला आशीर्वाद म्हणणे ही उपकारस्तुती नव्हे. ते असत्य होय, आणि असत्याने देवाचे गौरव होत नाही. स्तोत्रसंहिता उघडून पाहा. तीत उपकारस्तुतीची स्तोत्रे आहेत, तशीच विलापाचीही पुष्कळ आहेत, आणि देवाने ती दोन्ही आपल्या लोकांच्या मुखी घातली आहेत. त्याच पौलाने रोमकरांस लिहिताना शोक करणाऱ्यांबरोबर शोक करण्यास सांगितले आहे (रोम. 12:15). आम्ही त्या बंधूबरोबर शोक केला नाही. त्यास उपकारस्तुतीचा हुकूम सोडला. भरल्या पोटाच्या मनुष्याने रिकाम्या पोटाच्या मनुष्यास असा हुकूम करणे सोपे असते.

तर मग उणिवेच्या दिवसांत उपकारस्तुती करावयाची तरी कशी? याचे उत्तर आपल्या प्रभूच्या उदाहरणात आहे.

2. प्रभूने उपकार केव्हा मानले

योहान 6 मधील गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. म्हणूनच तिच्यातील क्रम आपल्या ध्यानात राहत नाही. रानात सुमारे 5,000 पुरुष जमले आहेत. फिलिप्प हिशेब करतो आणि म्हणतो की, दोनशे दिवसांच्या मजुरीच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकास थोडथोडी पुरणार नाही. अंद्रिया एका मुलाकडे बोट दाखवितो. त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या आहेत. परंतु इतक्यांस त्या कशा पुरणार, असे म्हणून अंद्रियाही थांबतो. जव हे त्या देशात गरिबांचे धान्य होते, गव्हाहून स्वस्त. आपल्याकडे जशी बाजरीची भाकर तशीच ती.

आता पाहा. प्रभूने लोकांस गवतावर बसविले, त्या भाकरी हाती घेतल्या आणि उपकारस्तुती केली. त्या क्षणी भाकरी किती होत्या? पाचच. बारा टोपल्या भरून तुकडे उरले ते नंतर. बारा टोपल्या पाहून उपकार मानणे कोणासही जमले असते. प्रभूने पाच भाकरींवर उपकार मानले, आणि त्यानंतर वाटणी झाली.

योहानाच्या मनावर या गोष्टीचा किती ठसा उमटला होता, हे त्याच अध्यायाच्या तेविसाव्या वचनावरून दिसते. दुसऱ्या दिवसाची हकीकत सांगताना तो त्या जागेची ओळख देतो, तेव्हा लोकांनी जेथे प्रभूच्या उपकारस्तुतीनंतर भाकर खाल्ली ती जागा, अशी देतो. जेवण तर सर्वांनीच पाहिले. शिष्याच्या स्मरणात राहिली ती जेवणापूर्वीची उपकारस्तुती.

यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली ही की, उपकारस्तुती देणगीच्या मापावर अवलंबून नसून देणाऱ्यावर अवलंबून आहे. पुरेसे झाल्यावर उपकार मानीन, असे म्हणणाऱ्यास पुरेसे कधीच होत नाही. दुसरी ही की, प्रभूने उपकार मानले आणि भाकर जवळ ठेवली नाही. ज्या हातांनी त्याने ती देवासमोर धरली, त्याच हातांनी ती पुढे दिली.

3. मरीच्या वर्षातील एक पाळक

मंडळीच्या इतिहासात या गोष्टीस साक्ष देणारे पुष्कळ झाले. त्यांपैकी एक जर्मनीतील साक्सनी प्रांतातल्या आयलेनबुर्ग या गावचा पाळक मार्टिन रिंकार्ट (1586–1649) हा होय. 1618 ते 1648 अशी तीस वर्षे त्या देशात युद्ध चालले होते. गावाला तटबंदी असल्यामुळे आसपासचे निराश्रित लोक तेथे येऊन दाटले, आणि 1637 साली गावात मरी पसरली. इतर पाळकांपैकी कोणी गाव सोडून गेले, कोणी मरण पावले. शेवटी रिंकार्ट एकटाच उरला. त्या वर्षी त्याने 4,000 हून अधिक लोकांचे अंत्यविधी केले असे सांगतात. त्यांत त्याची स्वतःची पत्नीही होती. मरीमागून दुष्काळ आला, तेव्हा आपल्या घरातील अन्न तो दाराशी येणाऱ्यांस वाटीत असे.

आज जगभर मोठमोठ्या समारंभांत जे उपकारस्तुतीचे गीत गाइले जाते ते याच पाळकाने, याच युद्धाच्या काळात रचले. विशेष हे की, ते राजेरजवाड्यांच्या समारंभासाठी रचलेले नव्हते. भोजनाच्या वेळी म्हणावयाची घरगुती प्रार्थना म्हणून त्याने ते लिहिले. गावात प्रेते निघत असता, ताटात जे थोडे होते त्यावर त्या घरात उपकार मानले जात होते. आणि त्याच घराच्या दारातून भाकर बाहेर जात होती.

4. सुकडीची रांग

त्या बंधूने उपासनेस येणे सोडल्यावर आमचे मन अस्वस्थ झाले. आमच्या मंडळीत एक वृद्ध बाई आहेत. वाचावयास येत नाही, परंतु त्यांच्या प्रार्थनेचा आम्हांस आधार वाटतो. आम्ही त्यांस सर्व हकीकत सांगितली. त्यांनी आपल्या तरुणपणची एक गोष्ट सांगितली ती अशी.

1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्या नव्या सूनबाई होत्या. घरातील सर्व माणसे दुष्काळी कामावर खडी फोडीत असत आणि दुपारी तेथे सुकडी वाटली जाई. सासूबाई सुकडी ओंजळीत आली म्हणजे उन्हात उभ्या उभ्याच डोळे मिटून उपकार मानीत. एके दिवशी सून रागावून म्हणाली, “आत्याबाई, हाताला फोड आलेत, पोरं अर्धपोटी निजतात, आणि ह्या मूठभर सुकडीचे काय उपकार मानता?” सासूबाई म्हणाल्या, “सुकडीचे नाही गं मानत, देणाऱ्याचे मानते. आणि एक सांगू? उपकार मानले म्हणजे मग एकटीनं खाववत नाही.” असे म्हणून त्यांनी ओंजळीतील निम्मी सुकडी शेजारच्या बाईच्या मुलास दिली.

गोष्ट संपवून त्या आम्हांस म्हणाल्या, “साहेब, तुम्ही त्याला उपकार मानायला सांगितलं ते बरंच केलंत. पण सणाच्या दिवशी आपल्यातलं कुणी त्याच्या घरी काही घेऊन गेलं का?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. आमच्या मंडळीची टोपली भरली होती, लिलाव झाला होता, पैसे मोजले गेले होते. आणि दाराशी उभा असलेला बंधू रिकाम्या हाताने परतला होता.

5. टोपली कोठपर्यंत जाते

आता अनुवाद 26 पाहा. इस्राएली मनुष्याने आपल्या भूमीचे प्रथमफळ टोपलीत घालून याजकाकडे न्यावयाचे होते. परंतु टोपली ठेवताना आपण किती पिकविले हे त्याने सांगावयाचे नव्हते. आपला पूर्वज भटकणारा अरामी होता, मिसरात आपण दास होतो, देवाने आपला आक्रोश ऐकून आपणास सोडविले व ही भूमी दिली, असे त्याने सांगावयाचे होते. म्हणजे भरल्या टोपलीसमोर त्याने आपल्या रिकाम्या दिवसांची आठवण करावयाची होती.

आणि टोपली वेदीपाशीच थांबत नाही. लेवी व परदेशी यांच्यासह त्याने आनंद करावयाचा असे अकरावे वचन सांगते. दर तिसऱ्या वर्षी दशमांश लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांस द्यावयाचा, आणि ते पोटभर जेवले पाहिजेत. इतके झाल्यावर त्याने देवासमोर साक्ष द्यावयाची की, पवित्र भाग मी घरात ठेविला नाही, ज्यांचा त्यांस दिला. ही साक्ष आमच्या मंडळीस त्या सणाच्या दिवशी देता आली नसती.

6. त्या बंधूच्या घरी

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. उपदेश केला नाही. “त्या दिवशी आमचे चुकले,” एवढेच म्हणालो. त्याच्या पत्नीने भाकरी व मिरचीचा ठेचा पुढे ठेविला. त्याने आम्हांस प्रार्थना करण्यास सांगितले. आम्ही म्हणालो, “आज तुम्हीच करा.” तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने देवाचे उपकार मानले ते शेजाऱ्याबद्दल. त्या शेजाऱ्याने, जो आपल्या मंडळीचा नाही, न मागता दोन पायल्या ज्वारी पाठविली होती. इतके बोलून त्याचा कंठ दाटला, आणि प्रार्थना तेथेच थांबली. आम्ही आमेन म्हणालो. ती अर्धी प्रार्थना आमच्या सणाच्या दिवशीच्या लांब प्रार्थनेहून खरी होती.

पुढील वर्षापासून आमच्या पंचांनी ठराव केला आहे की, हंगामाच्या सणात लिलावापूर्वी राशीतील पहिला वाटा ज्यांचे पीक गेले त्या घरी पोहोचवावा, मग ते घर मंडळीचे असो वा नसो. तो बंधू आता उपासनेस येतो. कधी येत नाही. त्याचे कर्ज अजून फिटलेले नाही. सर्व काही बरे झाले असे आम्ही लिहीत नाही.

7. आचरणासाठी

नळाचे किंवा हापशाचे पाणी, रात्रीची झोप, चालणारे हातपाय, शाळेतून सुखरूप परतलेले मूल, चुलीवरची भाकर, या देणग्या रोजच्या असतात म्हणूनच आपण त्या विसरतो. आणि त्या नाहीशा झाल्या म्हणजे मात्र देवाला जाब विचारतो. यासाठी या आठवड्यात प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्या. एक, जेवणापूर्वीची प्रार्थना घाईने उरकू नये. ताटातील एका पदार्थाचे नाव घेऊन उपकार मानावे. दोन, तो पदार्थ ज्यांच्या हातांनी आला, म्हणजे पेरणारा, खुरपणारी, दळणारा, रांधणारी, त्यांपैकी एकाचे तरी स्मरण करावे, आणि घरातील बाईने रांधले असेल तर तिला तसे तोंडाने सांगावे. तीन, आठवड्यातून एकदा आपल्या ताटातील काही दुसऱ्याच्या ताटात जावे.

विचारार्थ प्रश्न: प्रभूने उपकारस्तुती केली तेव्हा त्याच्या हाती किती भाकरी होत्या? दुःखात असलेल्या बंधूस आपण वचन सांगतो, तेव्हा त्याबरोबर आणखी काय न्यावे? आपल्या मंडळीची टोपली कोठे थांबते?

हे देवबापा, आज जी भाकर तू आम्हांस दिलीस तिच्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. ती एकट्याने खाववणार नाही असे मन आम्हांस दे. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.