दुसऱ्याच्या घड्याळावर धावू नका

गणपतीत रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि ओळखीतला एक तरुण जवळ येऊन म्हणाला, "काका, जानेवारीत मुंबईला हाफ धावतोय. सब-टू करायचंय. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचं तेच ठरलंय."

ते शेवटचं वाक्य कानावर पडलं आणि माझा हात नकळत उजव्या नडगीवर गेला. दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या बायकोला ऐकवलं होतं. त्या तरुणाला त्या संध्याकाळी जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो आहे. हौसेने धावणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मी बीरगांवात राहतो. घराणं मूळचं गोंदियाकडचं. आजोबा नोकरीसाठी रायपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. माझी नोकरी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये, तीन पाळ्यांची. चाळिशीत रक्तातली साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालता चालता धावू लागलो. डब्ल्यूआरएस कॉलनीच्या मैदानावर पहाटे पाच-सहा जण धावायचे, त्यांच्यात मिसळलो. कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, एकाचं किराणा दुकान. धावणं झालं की टपरीवर चहा, आणि चहाबरोबर रोजचा प्रश्न: "आज कितना पेस आया?" पेस म्हणजे एक किलोमीटर धावायला लागलेला वेळ.

त्या मित्रांनी मला खूप दिलं. बूट कसे निवडायचे, मांड्या कुठे घासतात, कुठल्या गल्लीत कुत्री अंगावर येतात, हे सगळं त्यांच्याकडून कळलं. थंडीत अंथरूण सोडायचं बळही त्यांच्यामुळे आलं. पण हळूहळू मी त्या एका प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी धावू लागलो. चूक तिथून सुरू झाली.

2023 च्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही चौघांनी मुंबईच्या हाफची तयारी सुरू केली. हाफ म्हणजे अर्धी मॅरेथॉन, 21.0975 किलोमीटर. सब-टू करायची, म्हणजे दोन तासांच्या आत संपवायची, तर दर किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंदांचा पेस लागतो. बँकेतला मित्र तिशीच्या आतला, कॉलेजात 800 मीटर धावलेला, रात्री दहाला झोपणारा. मी 43 वर्षांचा, धावायला लागून दीड वर्ष झालेलं, महिन्यातले दहा दिवस रातपाळी. तरी आमचा तक्ता एकच होता: मंगळवारी इंटरव्हल (थांबत-थांबत जोरात), गुरुवारी टेम्पो (सलग वेगाने), रविवारी लाँग रन. उरलेल्या दिवशी हळू धावायचं असं तक्त्यात लिहिलं होतं. पण हळू धावलं तर चहाच्या वेळी सांगायचं काय? म्हणून मी ते दिवसही जोरात धावलो. सप्टेंबरात आठवड्याला 25 किलोमीटर धावत होतो, डिसेंबरात 55 झाले. रातपाळी सहाला सुटायची आणि साडेसहाला मी रस्त्यावर असायचो. झोप नंतर, चार तास.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागलं. सुरुवातीला धावताना, मग जिना चढताना, मग रात्री पडल्यापडल्याही. बायको म्हणाली, "अहो, कठडा धरून का चढताय?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे साफ आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दोन आठवडे धावणं बंद ठेवा, दुखणं राहिलं तर एमआरआय करू. मी त्यातलं "एक्स-रे साफ" एवढंच ऐकलं.

21 जानेवारी 2024. मुंबई. पहाटेच्या अंधारात हजारो लोकांबरोबर उभा होतो. निघण्याआधी वेदनाशामक गोळी घेतली होती. पहिले पाच किलोमीटर साडेसव्वीस मिनिटांत, म्हणजे ठरवलेल्या पेसपेक्षाही पुष्कळ जोरात. सी-लिंकवर समुद्राचा वारा लागला तेव्हा वाटलं, आज जमलं. वरळी गेली, हाजीअली आलं. आमच्या रायपूरची जानेवारीतली हवा कोरडी आणि गार. मुंबईच्या दमटपणात घाम अंगावरून निथळतो, पण सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय शरीर थंड होत नाही. पेडर रोडचा चढ सुरू झाला तेव्हा छाती भरून आली होती. चढ संपून केम्प्स कॉर्नरकडे उतार लागला, आणि एका पावलाला नडगीत अशी कळ गेली की पुढचं पाऊल टाकताच येईना. मी फुटपाथवर बसलो. स्वयंसेवकांनी उचलून रुग्णवाहिकेत ठेवलं. हावडा मेलने परतताना रात्रभर पाय बर्थवर लांब करून पडलो होतो आणि ज्या 5:41 साठी चार महिने घालवले, तो आकडा मुळात कुणाचा होता, याचा विचार करत होतो.

रायपूरला एमआरआय झाला. नडगीच्या हाडाला बारीक चीर, स्ट्रेस फ्रॅक्चर. दोन आठवडे कुबड्या आणि त्यानंतरही दीड महिना धावणं पूर्ण बंद.

डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं, ते आधी ठाऊक असतं तर मी थांबलो असतो. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी तिथलं जुनं हाड खरवडून काढतं आणि मग नवं भरतं. घराची डागडुजी करताना गवंडी आधी सैल विटा काढतो, तसंच. मधल्या काही आठवड्यांत ती भिंत नेहमीपेक्षा कच्ची असते. पूर्ण डागडुजीला तीन-चार महिने लागतात. दम मात्र काही आठवड्यांतच वाढतो. म्हणून श्वास म्हणतो "अजून जोरात", आणि हाड त्यासाठी तयार नसतं. नवख्या धावणाऱ्यांना पहिल्या काही महिन्यांत हाडाच्या दुखापती होतात त्या पुष्कळदा यामुळे. ही चीर सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेत बहुधा दिसत नाही, हेही तेव्हाच कळलं.

आता शिकलेलं सांगतो.

पहिली गोष्ट, हळू धावायच्या दिवशी खरोखर हळू धावा. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर तो पेस त्या दिवसाचा नाही. जगातले उत्तम लांब पल्ल्याचे धावपटू आपल्या सरावाची साधारण पाचांतली चार सत्रं अशा सोप्या गतीने करतात, असं खेळशास्त्राचे अभ्यासक स्टीफन सायलर यांनी दाखवून दिलं आहे. नोकरी, पाळ्या आणि संसार सांभाळून धावणाऱ्याला तर सोप्या दिवसांची गरज त्यांच्याहून जास्त.

दुसरी, किलोमीटर वाढवताना घाई करू नका. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको, हा जुन्या धावणाऱ्यांचा ठोकताळा आहे. मी त्याला आणखी एक जोड देतो: तीन आठवडे वाढवा, चौथ्यात कमी करा. अंतर आणि वेग एकाच महिन्यात दोन्ही वाढवू नका.

तिसरी, दुखण्याची भाषा ओळखा. नडगीच्या कडेने लांबवर पसरलेलं, अंग तापलं की कमी होणारं दुखणं बहुधा स्नायूंच्या ओढीचं असतं. विश्रांतीने ते बरं होतं. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येणारं, धावताना वाढत जाणारं आणि रात्रीही ठणकणारं दुखणं हाडाचं असू शकतं. ते दिसलं की त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांकडे जा. वेदनाशामक घेऊन शर्यतीला उभे राहू नका. गोळी दुखणं झाकते, चीर झाकत नाही, आणि शरीरात पाणी कमी झालेलं असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडालाही अपाय करू शकतात.

चौथी गोष्ट आमच्या बीरगांवची. उरला आणि सिलतरा इथे स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिल आहेत. सकाळी गच्चीवर बोट फिरवलं तर काळी भुकटी लागते, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची ऊबदार असते, त्यामुळे धूर वर न जाता खालीच कोंडतो. म्हणजे जी पहाट आपण शुद्ध समजतो, तीच पुष्कळदा सर्वांत वाईट असते. बसल्या जागी माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. जोरात धावताना ती ऐंशी-शंभर लिटरपर्यंत जाते, तीही तोंडाने, नाकाची गाळणी चुकवून. पीएम 2.5 या सूक्ष्म धुळीची चोवीस तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आपल्या देशाच्या मानकात ती 60 आहे. फोनवर हवेचा आकडा पाहून बाहेर पडायची सवय लावा. हिवाळ्यात मी ऊन चांगलं वर आल्यावर निघतो, आणि वेगाचा सराव रविवारी नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर करतो. हवा फारच वाईट असेल तर घरातच बैठका आणि पोटऱ्यांचे व्यायाम. धावण्याचा एक दिवस गेला म्हणून काही बिघडत नाही.

पाचवी, रक्त तपासून घ्या. छत्तीसगडात आणि आपल्या विदर्भातही सिकल सेलचं प्रमाण मोठं आहे. ज्यांच्यात फक्त वाहकपण असतं त्यांना एरवी काहीच त्रास नसतो, पण कडक ऊन, पाण्याची कमतरता आणि एकदम जिवाच्या आकांताने धावणं एकत्र आलं तर ते कोसळू शकतात. वाहक धावू शकतात. त्यांना आपली अवस्था माहीत असली पाहिजे, एवढंच. हिमोग्लोबिनही त्याच वेळी पाहून घ्या. विशेषतः बायकांमध्ये पेस का घसरतोय याचं उत्तर अनेकदा तिथे सापडतं.

सहावी, पाणी आणि मीठ. रायपूरच्या मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस पेस विसरून धावा. तहान लागेल तसं पाणी प्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. इथले कष्टकरी उन्हाळ्यात रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्याबरोबर खातात. बोरे बासी म्हणतात त्याला. लांब धावून आल्यावर मीही आता तेच खातो. पोट शांत राहतं, पाणी आणि मीठ दोन्ही भरून निघतं.

सातवी, शर्यतीतला पेस. पहिला तृतीयांश भाग इतका सोपा वाटला पाहिजे की आपण मागे पडतोय अशी शंका यावी. केल्विन किप्टुमने 8 ऑक्टोबर 2023 ला शिकागोत मॅरेथॉनचा 2:00:35 चा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिली अर्धी शर्यत 60:48 मध्ये आणि दुसरी 59:47 मध्ये धावला. विश्वविक्रम करणाराही शक्ती राखून निघाला, तर आपण पहिल्या पाच किलोमीटरमध्ये ती का उधळावी? वेगवेगळ्या शर्यतींच्या वेळाही एकमेकींशी ताडून पाहू नका. 2012 पासून होणारी साताऱ्याची हिल हाफ यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाते आणि तोच घाट उतरून परत येते. तिथली वेळ आणि मुंबईची वेळ यांची तुलना होत नाही. उतारावर तर मांड्या आणि नडग्या चढापेक्षा जास्त मार खातात.

शेवटची गोष्ट ध्येयाची. आता मी प्रत्येक शर्यतीसाठी तीन ध्येयं वहीत लिहितो. एक मनातलं, सगळं जुळून आलं तर. दुसरं खात्रीचं, गेल्या दोन महिन्यांच्या सरावावरून निघालेलं. तिसरं, स्वतःच्या पायांनी घरचा जिना चढणं. वहीत पेसच्या आधी तीन रकाने असतात: झोप किती, पाळी कुठली, दुखतंय कुठे. त्या रकान्यांवरून उद्याचा पेस ठरतो.

चीर भरून आल्यावर मी एक मिनिट धावणं आणि चार मिनिटं चालणं यापासून पुन्हा सुरुवात केली. 19 जानेवारी 2025 ला मुंबईत परत उभा राहिलो. पहिला अर्धा भाग 1 तास 12 मिनिटांत, दुसरा 1 तास 9 मिनिटांत. एकूण 2 तास 21 मिनिटं. पेडर रोडच्या चढावर चालणाऱ्या अनेकांना मी धावत ओलांडलं. केम्प्स कॉर्नरचा तो फुटपाथ डाव्या-उजव्या पायांनी सारखाच मागे टाकला.

धावणाऱ्या मित्रांनो, चहाच्या टपरीवर एकमेकांना जरूर विचारा, पण "पेस किती आला" याच्या आधी "काल झोप झाली का" आणि "कुठे दुखत तर नाही ना" हे विचारा. सोबत्याने बोट ठेवून एक जागा दाखवली, तर त्या दिवशी त्याला धावू देऊ नका. त्याच्यासोबत चालत घरी जा.