धूर म्हणजे न जळलेलं लाकूड : कमी धुराची शेगडी कशी निवडावी?



मागच्या दिवाळीनंतर माझ्या भाचीचा बर्मिंगहॅमहून फोन आला. "मामा, घर घेतलंय. जुनं आहे. बैठकीच्या खोलीत भिंतीत शेकोटीची जागा आहे, वर विटांचं धुराडं आहे. तिथे लाकडावरची शेगडी बसवावी म्हणतोय. पण इथे धुरावर बंदी आहे. दुकानदार म्हणतो ही शेगडी चालते, शेजारी म्हणतात कुठलीच घेऊ नका. तू विज्ञान शिकवतोस ना, सांग, कुठली घेऊ?"

तिचा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला दमा आहे. त्यामुळे पटकन काहीतरी सांगून मोकळं व्हावं असं वाटेना. मी आठ दिवस मागून घेतले आणि वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की हा तर आपला ज्वलनाचाच धडा आहे! फरक एवढाच, की इथे उत्तर चुकलं तर गुण जात नाहीत, लेकराचा श्वास अडकतो. म्हणून हा पाठ तुमच्यासाठीही लिहून काढला.

१. आधी एक प्रयोग

एक मेणबत्ती घ्या. चांगली दोन-तीन मिनिटं जळू द्या. मग हलकेच फुंकर मारून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाईल. लगेच पेटती काडी त्या रेघेत, वातीच्या थोडी वर धरा. ज्योत धुरावरून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते! (प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, मुलांनी लांबून पाहावा.) लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली होती, त्यात हा प्रयोग होता.

मुलांना विचारा, "धूर पेटला, म्हणजे धुरात काय होतं?" उत्तर येईल, "मेण!" बरोबर. ती मेणाची वाफ होती, न जळलेलं इंधन.

लाकडाचंही असंच. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडातून ज्वलनशील वायू निघायला लागतात. आपण जी ज्वाला पाहतो ती या वायूंचीच. उरतो तो कोळसा, तो शेवटी निखारा होऊन जळतो. हे वायू नीट पेटायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं. तेवढी उष्णता नसेल, हवा कमी पडली, किंवा वायूंना आत थांबायला वेळच मिळाला नाही, तर ते तसेच बाहेर पडतात. त्यालाच आपण धूर म्हणतो.

म्हणजे सूत्र तीन शब्दांचं आहे : उष्णता, हवा, वेळ. आपल्या आजीला हे पाठ होतं. चूल धुमसायला लागली की ती फुंकणी घ्यायची. दोन फुंकरी मारल्या की जाळ वर यायचा आणि धूर गायब! धूर कुठे गेला? कुठेच नाही, तो जळला.

२. बंदी कशाची आणि का?

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडन शहर धुक्यात आणि कोळशाच्या धुरात बुडालं. थंडी होती, वारा नव्हता, आणि घरोघरी कोळसा पेटलेला. धूर वर जाईना. त्या वेळी सुमारे ४,००० माणसं दगावल्याचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. या दुर्घटनेतून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला आणि शहरांमध्ये 'धूरनियंत्रण क्षेत्रं' जाहीर व्हायला लागली. बर्मिंगहॅम शहर तर सगळंच अशा क्षेत्रात मोडतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बंदी लाकडावर नाही, धुराड्यातून निघणाऱ्या धुरावर आहे. मोकळ्या शेकोटीत लाकूड जाळता येत नाही. पण सरकारी चाचणीत पास झालेल्या, 'सूट मिळालेल्या' शेगडीत जाळता येतं. इंग्लंडमध्ये धुराड्यातून धूर सोडला तर ३०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मान्यता नसलेल्या शेगडीसाठी अनधिकृत इंधन विकत घेतलं तर १,००० पौंडांपर्यंत.

३. शेगडी निवडताना विचारायचे सहा प्रश्न

*पहिला प्रश्न : नाव यादीत आहे का?*
सूट मिळालेल्या शेगड्यांची यादी ब्रिटनचं पर्यावरण खातं, म्हणजे डेफ्रा, प्रसिद्ध करतं. नुसतं कंपनीचं नाव पाहून चालत नाही, नेमकं मॉडेल पाहायचं आणि ते कुठल्या इंधनासाठी मान्य आहे तेही पाहायचं. त्याशिवाय १ जानेवारी २०२२ पासून बाजारात येणाऱ्या नव्या शेगड्यांना 'इकोडिझाइन' नावाचे नियम लागू आहेत. त्यात सूक्ष्म कणांची मर्यादा ठरवून दिलेली आहे. पण इकोडिझाइन वेगळं आणि धूरनियंत्रण क्षेत्रातली सूट वेगळी. दोन्ही तपासा.

*दुसरा प्रश्न : खोलीला केवढी शेगडी पुरेल?*
इथे बहुतेकांची चूक होते. "मोठी घेतलेली बरी" असं वाटतं. पण मोठी शेगडी पूर्ण पेटवली तर खोलीची भट्टी होते. मग माणूस हवा कमी करतो, जाळ मंदावतो, लाकूड धुमसतं आणि धूर सुरू! तिथे एक ढोबळ हिशोब वापरतात : खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये काढा आणि १४ ने भागा. येतील तेवढे किलोवॉट. भाचीची खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, २.४ मीटर उंच. घनफळ ४८ घनमीटर. भागिले १४, म्हणजे साधारण ३.४ किलोवॉट. दुकानदार तिला ८ किलोवॉटची दाखवत होता! (घनफळाचं हे उदाहरण गणिताच्या तासालाही घ्या. "हे शिकून काय उपयोग?" हा प्रश्न परत येणार नाही.)

*तिसरा प्रश्न : हवा कुठून कुठून येते?*
चांगल्या शेगडीत हवेच्या दोन वाटा असतात. एक खालून, पेटवताना लागते ती. दुसरी वरच्या बाजूने, तापून आत येते आणि लाकडातून निघालेल्या वायूंना ज्वालेच्या वर गाठून जाळते. ही दुसरी हवा म्हणजे शेगडीला बसवलेली कायमची फुंकणीच. सूट मिळालेल्या बऱ्याच शेगड्यांत हवेचा दांडा पूर्ण बंदच होऊ नये अशी सोय केलेली असते. ती दोष समजून कुणी काढून टाकू नये.

*चौथा प्रश्न : भट्टी आतून गरम राहते का?*
आतल्या बाजूंना विटांचं किंवा व्हर्मिक्युलाइटचं अस्तर असतं. ते उष्णता आत राखतं. वरच्या बाजूला एक आडवी पाटी असते. तिच्यामुळे वायू सरळ धुराड्यात न पळता वळसा घालून जातात. अस्तर म्हणजे उष्णता, पाटी म्हणजे वेळ. तडकलेलं अस्तर वेळेवर बदलायला हवं.

*पाचवा प्रश्न : लाकूड किती ओलं आहे?*
सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून २ घनमीटरपेक्षा कमी विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडात पाणी २० टक्के किंवा त्याहून कमी असावं लागतं. का, ते हिशोबाने पाहू.

पूर्ण कोरडं लाकूड किलोला ढोबळमानाने १८ मेगाज्यूल उष्णता देतं. १ किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल लागतात. आता २ किलोचे दोन ओंडके घ्या.

- २० टक्के पाणी : लाकूड १.६ किलो, पाणी ०.४ किलो. उष्णता २८.८ वजा १, म्हणजे जवळपास २८ मेगाज्यूल.
- ५० टक्के पाणी : लाकूड १ किलो, पाणी १ किलो. उष्णता १८ वजा २.६, म्हणजे साधारण १५ मेगाज्यूल.

वजन तेच, उष्णता जवळजवळ निम्मी! आणि वाफ होताना पाणी भट्टीला गार करतं, त्यामुळे वायू पेटतच नाहीत. 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' असं आपण म्हणतो. शेगडीत उलटं होतं, ओल्यापायी सुकंही धुमसतं. म्हणून ओंडका फोडायचा, आतल्या ताज्या बाजूला ओलावामापक टोचायचा आणि मगच खरं काय ते मानायचं. बाहेरची साल कोरडी दिसते, ती फसवते.

*सहावा प्रश्न : धुराडं आणि खोलीतली हवा ठीक आहे का?*
शेगडी प्रशिक्षित, नोंदणीकृत माणसाकडूनच बसवून घ्यावी. धुराडं निदान वर्षातून एकदा साफ करावं. खोलीत कार्बन मोनॉक्साइडची घंटा हवीच. या वायूला रंग नाही, वास नाही, म्हणून नाकावर भरवसा ठेवायचा नाही. ५ किलोवॉटपेक्षा मोठ्या शेगडीला भिंतीत कायमची हवेची जाळी लागते. फटी बुजवलेल्या नव्या घरात लहान शेगडीलाही ती लागू शकते.

४. शिक्का शेगडीवर असतो, हातावर नसतो

संस्कृत शिकवणाऱ्या मित्रांना अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' आठवत असेल. धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून तिथे धूर असेलच, हे अनुमान चुकीचं. का? कारण धुराला नुसता अग्नी पुरत नाही, ओल्या इंधनाचा संयोगही लागतो. आपल्या तर्कशास्त्राने शिकवणीसाठी निवडलेलं हे उदाहरण किती नेमकं आहे पाहा!

चाचणीत शेगडी पास होते ती कोरड्या लाकडावर आणि जाणत्या हातात. घरी आणल्यावर त्याच शेगडीत ओलं लाकूड, रंग दिलेल्या फळ्या किंवा कचरा टाकला, किंवा रात्रभर पुरावं म्हणून हवा कमी करून ती धुमसत ठेवली, तर शिक्का काही वाचवत नाही. लहान ढलप्या वर ठेवून वरून पेटवावं, थोडं थोडं लाकूड घालावं, आणि अधूनमधून बाहेर जाऊन धुराड्याकडे पाहावं. आपल्या जाळाचा दाखला तिथे मिळतो.

हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर समजावत होतो. मेणबत्तीचा प्रयोगही करून दाखवला. भाचीचा मुलगा शेजारी बसून ऐकत होता. त्याने विचारलं, "आजोबा, धूर दिसला नाही, तर मग काहीच नसतं का?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर 'असतं' हेच आहे. अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, डोळ्यांना दिसत नाहीत. आपला केस त्यांच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. हे कण फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सुचवली, इतकं ते प्रकरण नाजूक आहे. सूट मिळालेली शेगडी म्हणजे कमी धुराची शेगडी. बिनधुराची नव्हे. दार उघडून लाकूड घालताना थोडा धूर खोलीतही येतोच.

५. मग भाचीला काय सांगितलं?

तिला म्हटलं, "बाई, सहा प्रश्नांच्या आधी एक सातवा प्रश्न आहे. ही गरज आहे की हौस?" तिच्या घरात गॅसवर चालणारी ऊब आधीच आहे. ज्यांच्याकडे दुसरं साधन नाही, त्यांनी हे सहा प्रश्न विचारून लहान, यादीतली शेगडी घ्यावी आणि कोरडं लाकूड वापरावं. पण घरात दम्याचं मूल असेल आणि ऊब दुसरीकडून मिळत असेल, तर सगळ्यांत कमी धुराची शेगडी म्हणजे न घेतलेली शेगडी. ती जरा हिरमुसली. पण मुलाच्या डॉक्टरांशी बोलली आणि शेगडीचा विचार सोडला. शेकोटीच्या त्या जागेत आता मुलाची पुस्तकं लावली आहेत.

आपल्याकडे मात्र आजही कित्येक मुलांच्या घरी चूल ही हौस नसते, गरज असते. त्या घरांना 'वापरू नका' म्हणून चालणार नाही. पण लाकूड वाळवून, बारीक फोडून घ्या, चूल ठासून भरू नका, धूर जायला वाट ठेवा, आणि रांगतं मूल चुलीपाशी ठेवू नका, एवढं पालकसभेत नक्की सांगता येईल. सूत्र तेच आहे : उष्णता, हवा, वेळ.

वर्गासाठी स्वाध्याय

१. ओली काटकी तोला. आठ दिवस उन्हात वाळवून परत तोला. वजन किती टक्के घटलं?
२. तुमच्या वर्गखोलीचं घनफळ काढा आणि १४ ने भागा. उत्तर किती किलोवॉट?
३. फुंकणी मारल्यावर धूर का कमी होतो? तीन वाक्यांत लिहा.
४. घरातल्या मोठ्यांना विचारा : पावसाळ्यात सरपण कोरडं कसं ठेवत होते?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं वर्गात मोठ्याने वाचायला लावा.