'रिंग अ बेल' : ऐकणे आणि जाणणे

इंग्रजीत 'रिंग अ बेल' असा एक वाक्प्रचार रूढ आहे. शब्दशः अर्थ 'घंटा वाजविणे'; पण वाक्प्रचाराचा अर्थ निराळा आहे. एखादे नाव, शब्द वा चेहरा ओळखीचा वाटतो, परंतु कोठे ऐकले, केव्हा पाहिले हे नेमके सांगता येत नाही, अशा पुसट जाणिवेसाठी तो योजतात. 'दॅट नेम रिंग्ज अ बेल' म्हणजे 'हे नाव कानावरून गेल्यासारखे वाटते.' दुसऱ्यास विचारताना 'डज दॅट नेम रिंग अ बेल?' असे म्हणतात.

विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. येथे कर्ता माणूस नसतो. नाव, शब्द किंवा चेहरा कर्ता असतो. 'अ' च्या जागी 'द' आला की खरीखुरी घंटा वाजू लागते. आणि हा वाक्प्रचार बोलण्यातला आहे. अर्जात किंवा औपचारिक निबंधात तो शोभत नाही.

मराठीत त्याचे शब्दशः भाषांतर करू नये. आपल्याकडे घंटा वाजते ती बहुधा धोक्याची. 'कुणकुण लागणे' हाही पर्याय नव्हे. कुणकुण लागते ती लपविलेल्या किंवा पुढे घडू पाहणाऱ्या गोष्टीची. 'रिंग अ बेल' मध्ये मन मागे वळून स्मृती चाचपते. 'ऐकल्यासारखे वाटते', 'ओझरते आठवते' हे त्याचे खरे मराठी रूप.

आता एक नाव घेऊ : कोरेगाव भीमा. शिरूर तालुक्यातील या गावावरून वाहणारी भीमा पुढे आपल्या दौंड तालुक्यात येते. हे नाव ऐकून काहीच आठवत नाही, असे आपल्या समाजातील एकही घर नसेल. 1 जानेवारी 1818 ची लढाई आणि 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेबांनी विजयस्तंभास दिलेली भेट आपणांस ठाऊक असते. परंतु त्यापुढे विचारले, तर पुष्कळदा '500 महार विरुद्ध 28,000' एवढेच उत्तर मिळते.

इतिहासाची नोंद याहून बारकाईने बोलते. कॅप्टन स्टॉन्टन याच्या तुकडीत सुमारे 500 पायदळ होते, त्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. पण इतर जातिधर्मांचे शिपाईही होते. सोबत पुण्याचे घोडदळ आणि मद्रासचे तोफखान्याचे लोक होते. पेशव्यांची फौज 28,000 च्या घरात होती, तरी प्रत्यक्ष चढाईत उतरले ते सुमारे 2,000. हे सांगितल्याने शौर्याला उणेपणा येतो काय? मुळीच नाही. स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांपैकी 22 नावांच्या शेवटी 'नाक' हे पद आहे. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांची नावे दगडावर कोरली गेली, हे सत्य कोणत्याही फुगविलेल्या आकड्यापेक्षा बळकट आहे. उलट, ऐकीव आकडा एकदा खोडला गेला की विरोधक त्याबरोबर खरी गोष्टही खोडू पाहतो.

तथागतांनी केसपुत्त नगरीतील कालामांना हेच सांगितले. केवळ ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून, हितकर काय ते जाणून स्वीकारा. धम्मात प्रज्ञेचे तीन प्रकार मानले आहेत : श्रुतमय, चिंतनमय आणि भावनामय. ऐकणे ही पहिली पायरी आहे. तिला कमी लेखू नये. पण तिच्यावरच बसूनही राहू नये.

निवासी शाळेत शिकलेल्यास घंटेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. घंटा झाली म्हणजे पाठ झाला असे नव्हे. घंटा झाली म्हणजे वर्गात जाऊन बसायचे. एखादे नाव ओळखीचे वाटले की तेथूनच अभ्यास सुरू होतो.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे. घरातील मूल 'हे मी ऐकले आहे' म्हणाले, तर त्याचे कौतुक करावे आणि तीन प्रश्न विचारावेत : कोणाकडून ऐकले? कशाशी ताडून पाहिले? आणि शंका घेणाऱ्यास समजावून सांगता येईल काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' येईल, त्या दिवशी ते मूल ऐकण्याकडून जाणण्याकडे गेले असे समजावे.